बंद पडलेलं मूळ मशीन कुणासाठी?

1993 साली कॅपकॉम या जपानी कंपनीने 'सुपर स्ट्रीट फायटर टू' हा व्हिडिओ गेम आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनसाठी, बाजारात आणला, तेव्हा त्याच्या सर्किट बोर्डावर 3.6 व्होल्टची एक लिथियम बॅटरी होती. गेम चालवायला तिची गरज नव्हती. गेमचा प्रोग्रॅम सांकेतिक रूपात कुलूपबंद करून चिप्समध्ये भरलेला होता, आणि ते कुलूप उघडणारी किल्ली अशा मेमरीत ठेवलेली होती जी वीज तुटताच पुसली जाते. बॅटरीचं काम एवढंच, की रात्रंदिवस ती किल्ली जिवंत ठेवायची. दोन वर्षांपूर्वी आलेल्या 'स्ट्रीट फायटर टू'च्या नकली बोर्डांनी कंपनीचं मोठं नुकसान केलं होतं. त्यावर काढलेला हा तोडगा होता. चिपची नक्कल कुणीही करेल, पण किल्ली त्याच्या हाती लागणार नाही.

तोडगा चालला, पण बॅटरी कधीतरी संपणारच. सीपीएस-टू नावाच्या या बोर्डांच्या बॅटऱ्या एकेक करून संपत गेल्या आणि किल्ल्या पुसल्या गेल्या. हौशी मंडळी या बॅटरीला 'आत्महत्येची बॅटरी' म्हणतात. असं एखादं मशीन उघडून पाहा. एकही स्क्रू बदललेला नाही, चिप्सवरचे कंपनीचे स्टिकर जागच्या जागी आहेत, सोल्डरिंग कारखान्यातलंच आहे. शंभर टक्के मूळ मशीन, आणि गेम सुरू होत नाही.

जुनी आर्केड मशीन्स जशी होती तशीच राखायची, की काहीही करून चालू ठेवायची, हा वाद अमेरिका, जपान, ब्रिटनमधल्या संग्राहकांमध्ये आणि संग्रहालयांमध्ये अनेक वर्षं चालू आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. मशीन चालू असलंच पाहिजे. मात्र 'चालू' या शब्दाचा अर्थ नुसतं पडद्यावर चित्र हलणं असा नाही. ते मशीन जसं वागत होतं तसंच वागलं पाहिजे, आणि त्यासाठी आत जे काही बदललं त्याची नोंद आणि काढलेला भाग दोन्ही राहिले पाहिजेत.

त्या मेलेल्या बोर्डांचं पुढे काय झालं ते आधी सांगतो, कारण माझं मत तिथूनच बनलं. 2001च्या सुमारास काही हौशी तंत्रज्ञांनी कुलूप न उघडताच आतला प्रोग्रॅम बाहेर काढण्याची वाट शोधली. त्यातून 'फिनिक्स' नावाने ओळखले जाणारे चिप्सचे संच तयार झाले. मेलेल्या बोर्डावर हे कुलूप नसलेले चिप्स बसवायचे, की किल्लीची गरजच संपते. बोर्ड जिवंत व्हायचे, पण आतला प्रोग्रॅम कॅपकॉमने पाठवला होता तसाच्या तसा राहत नसे. मूळपणाचा आग्रह धरणारे नाराज झाले, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. 2007 साली आंद्रेआस नाइव्ह आणि निकोला साल्मोरिया यांनी त्या कुलपाची गणिती रचना पूर्ण उलगडली. 2016 साली एदुआर्दो क्रूझ, आर्तेमिओ उर्बिना आणि इयान कोर्ट यांनी शेवटची गाठ सोडवली. कॅपकॉमच्या कारखान्यात किल्ली बोर्डात कशी भरली जात असेल ते त्यांनी शोधून काढलं आणि जाहीर केलं. आता मेलेल्या बोर्डात त्याची स्वतःची किल्ली परत भरता येते. चिप्स त्याच, प्रोग्रॅम तोच, बोर्डावर एकही तार तोडावी लागत नाही.

म्हणजे शेवटी मूळ मशीन मूळ रूपात परत मिळालं. पण हे काम केलं कुणी? मेलेला बोर्ड काचेच्या पेटीत ठेवून त्याखाली चिठ्ठी लावणाऱ्यांनी नाही. पंधरा वर्षं हे घडत गेलं ते 'हे चालू झालंच पाहिजे' म्हणून झटणाऱ्यांमुळे. 2001चा उपाय अपुरा होता, तरी त्यामुळे ते बोर्ड कचऱ्यात गेले नाहीत. ते राहिले म्हणून 2016 साली किल्ली भरायला जागा होती.

हात न लावणं म्हणजे जपणं, हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. तांब्याचं नाणं किंवा दगडी मूर्ती कोरड्या जागी ठेवली तर शतकानुशतकं टिकते. सर्किट बोर्डाचं तसं नाही. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ज्याला आपले रेडिओ-टीव्हीवाले अजूनही कंडेन्सर म्हणतात, आतल्या द्रावावर चालतात. मशीन चालू असो की बंद, तो द्राव सुकतो किंवा गळतो. बोर्डावरच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या फुटल्या, की आतलं रसायन शेजारच्या तांब्याच्या रेषा खात जातं. प्रोग्रॅम ज्या ईप्रॉम चिपमध्ये असतो, तिच्या पाठीवर क्वार्ट्झची छोटी खिडकी असते. अतिनील किरण आत गेले की माहिती पुसते, म्हणून त्या खिडकीवर स्टिकर चिकटवलेलं असतं. तो गोंद वाळून स्टिकर निसटलं, तर उजेडच हळूहळू गेम खाऊ लागतो. स्टिकर जागेवर असलं तरी त्या चिपमधला विद्युतभार कायमचा नसतो. लाकडाच्या भुशाच्या फळ्यांची कॅबिनेटं ओलीने फुगतात. तेव्हा 'आम्ही याला हात लावणार नाही' असं एखादा संग्राहक अभिमानाने सांगतो, तेव्हा त्याने मशीनला हळूहळू मरू देण्याचा निर्णय घेतलेला असतो, आणि तो निर्णय कुठे लिहिलेलाही नसतो.

याच्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे दुर्मिळपणासाठी गेम अडवून ठेवणं. अटारी या अमेरिकन कंपनीने 1982 साली 'अक्का आर' नावाचा गेम चाचणीपुरता बनवला आणि सोडून दिला. त्याची तीनच कॅबिनेटं उरल्याचं सांगितलं जातं. 2019 साली त्याच्या चिप्समधली माहिती सार्वजनिक होईपर्यंत जगातल्या बहुतेकांसाठी तो गेम म्हणजे एक नाव आणि दोन-चार फोटो होते. त्या तीन कॅबिनेटांना काही झालं असतं, तर कुणीतरी विचार करून रचलेली ती वस्तू कायमची गेली असती. कॅबिनेट खासगी मालकीचं असू शकतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चिप्समधल्या माहितीची प्रत काढून सुरक्षित ठेवणं हे मालकीसोबत येणारं कर्तव्य आहे, असं मी मानतो. मशीनला हात लावण्याआधीचं पहिलं काम तेच.

आता 'मूळ' या शब्दाकडे येऊ. निन्टेंडोने अमेरिकेसाठी 'रडार स्कोप' या गेमची सुमारे 3,000 मशीन्स मागवली होती. त्यातली जेमतेम हजार विकली गेली आणि उरलेली गोदामात पडून राहिली. मग जपानमध्ये शिगेरू मियामोतो नावाच्या तरुण कलाकाराला त्याच यंत्रासाठी नवा गेम रचायला सांगितलं गेलं. 1981 साली तो 'डाँकी काँग' म्हणून आला. पडून असलेल्या सुमारे दोन हजार मशीन्सचे बोर्ड निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या शाखेने बदलले, वरचं चित्र बदललं आणि ती विकली. म्हणून 'डाँकी काँग'ची सर्वांत पहिली कॅबिनेटं लाल आहेत आणि नंतर त्याच्यासाठी म्हणून बनलेली निळी. आज लाल कॅबिनेटला संग्राहक जास्त मान देतात. पण ते लाल लाकूड 'रडार स्कोप'चं आहे! त्यात 'डाँकी काँग'चा बोर्ड असणं हीच दुरुस्ती आहे.

'मिस पॅक-मॅन'ची गोष्ट याहून मजेदार आहे. एमआयटी सोडलेल्या काही मुलांच्या जनरल कम्प्युटर कॉर्पोरेशन या छोट्या कंपनीने 'पॅक-मॅन'च्या बोर्डावर बसवायचा एक जोडबोर्ड तयार केला. कंटाळलेल्या गिऱ्हाइकासाठी जुन्या मशीनमध्ये नवा खेळ. 'क्रेझी ऑटो' म्हणून सुरू झालेली ती जोडणी मिडवे या अमेरिकन कंपनीने घेतली आणि 1982 साली 'मिस पॅक-मॅन' म्हणून बाजारात आणली. त्या मशीनच्या आत आजही 'पॅक-मॅन'चा बोर्ड आणि त्यावर बसवलेला जोडबोर्ड दिसतो.

आर्केडचा धंदा असाच होता. मशीन हे गल्ला गोळा करणारं अवजार होतं. गल्ला कमी झाला की मालक बोर्ड बदलायचा, वरची नावाची पट्टी बदलायचा, बटणं वाढवायचा. 1985 साली जपानमध्ये जामा जोडणीचं मानक आलं तेच यासाठी, की एका कॅबिनेटमधला गेम काढून दुसरा लावणं काही मिनिटांत व्हावं. मग तीन वेळा गेम बदललेल्या कॅबिनेटला आपण कोणत्या दिवशीच्या रूपात 'मूळ' करणार? कारखान्यातून निघाल्याच्या दिवशीच्या? त्यासाठी मधली दहा वर्षं खरवडून टाकावी लागतील. कंट्रोल पॅनेलवर सिगारेट ठेवून जळलेले डाग असतात. नाण्यांच्या दाराच्या आत कुणीतरी पेन्सिलीने आठवड्याचा हिशोब लिहिलेला असतो. ते सगळं घासून, नव्याने रंगवून, बाजूची चित्रं छापील स्टिकरने झाकून जे चकचकीत मशीन 'मूळ अवस्थेत आणलेलं' म्हणून विकलं जातं, त्याइतकं खोटं मला दुसरं काही वाटत नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी 'चालतंय ना, मग झालं' या बाजूचा आहे. तसं नाही.

त्या बाजूचं आज सर्रास दिसणारं काम असं. जुन्या कॅबिनेटमधून पिक्चर ट्यूब काढायची, भंगारात द्यायची, तिथे एलसीडी बसवायचा. मूळ बोर्ड विकून टाकायचा आणि साठ गेम एकत्र असलेला स्वस्तातला बोर्ड लावायचा. बाहेरून दिसायला 1980चं मशीन. पण अशा बोर्डांवर गेमचा वेग आणि आवाज किंचित वेगळे असतात आणि जाणकाराला पहिल्या मिनिटात कळतं. 'पॅक-मॅन'ची जॉयस्टिक चारच दिशांची असते. तिथे आठ दिशांची लावली की वळणावर पॅक-मॅन अडखळतो आणि खेळणाऱ्याला वाटतं आपलंच चुकलं. 1990च्या दशकातल्या अनेक बंदुकीच्या गेम्समध्ये बंदुकीतला सेन्सर पिक्चर ट्यूबवरून सरकणारा किरण नेमक्या कोणत्या क्षणी समोरून गेला ते टिपतो आणि त्यावरून नेम ठरवतो. एलसीडीवर असा किरणच नसतो. बंदूक आंधळी होते.

आणि व्हेक्टर मशीन्स. याबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण ज्याने ते पाहिलं नाही त्याला फरक शब्दांत सांगणं कठीण आहे. नेहमीच्या पडद्यावर किरण डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ओळीने फिरतो आणि चित्र ठिपक्यांचं बनतं. अटारीच्या 1979च्या 'ॲस्टेरॉइड्स'मध्ये किरण तसा फिरतच नाही. रेघ जिथून जिथवर काढायची तिथे तो थेट जातो, जसा फळ्यावर खडू. रेघेला पायऱ्या नसतात, ठिपके नसतात. आजूबाजूचा काळोख खरोखर काळा असतो. आणि यानातून सुटलेली गोळी म्हणजे एका बिंदूवर थांबलेला किरण. तो इतका प्रखर चमकतो की अंधाऱ्या खोलीत डोळ्यांत खुपतो, आणि मागे फॉस्फरची फिकट शेपटी सोडतो. एलसीडीवर 'ॲस्टेरॉइड्स' चालवला तर नियम तेच, गुण तेच, पण गोळी म्हणजे एक पांढरा चौकोन. 1981च्या 'टेम्पेस्ट'मध्ये हे रंगीत झालं. त्याचे मॉनिटर जळण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत आणि तसे मॉनिटर आता कुणी बनवत नाही. तरीही ते दुरुस्त करणाऱ्यांनी अनेक वर्षं डोकं लावून त्यांच्या कमकुवत भागांसाठी सुधारित बोर्ड तयार केले आहेत. या मॉनिटरमध्ये नवा वीजपुरवठा घालणं मला मान्य आहे. पण मॉनिटर काढून टाकणं मान्य नाही, कारण इथे तो प्रकाश म्हणजेच गेम आहे.

'स्पेस इन्व्हेडर्स'चं उदाहरणही असंच. 1978 साली तायतो या जपानी कंपनीच्या तोमोहिरो निशिकादोंनी तो इंटेल 8080 प्रोसेसरवर लिहिला. प्रोग्रॅम दर फेरीला एकच शत्रू पुढे सरकवतो. त्यामुळे शत्रू कमी होत गेले की उरलेल्यांची पाळी लवकर येते आणि ते वेगाने अंगावर येतात. त्या गेमची सगळी धाकधूक या घडणीतून आली. पडदा काळा-पांढरा होता, रंग दिसायचे ते काचेवर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे. अमेरिकेतल्या मिडवेच्या उभ्या कॅबिनेटमध्ये तर मॉनिटर आडवा ठेवून त्याचं प्रतिबिंब चंद्राच्या चित्रावर पाडलेलं असे. शत्रू हवेत तरंगत असल्यासारखे दिसत. कपॅसिटर सगळे बदला, कुणाला कळणार नाही. ती रंगीत पट्टी फेकून द्या, आणि काहीतरी कायमचं गेलं.

म्हणून माझा मोजमापाचा दोरा हा आहे: भाग किती जुना, यापेक्षा तो भाग काय करतो हे विचारायचं. आपल्याकडच्या मिरजेच्या तंबोऱ्याचं घ्या. तारा बदलतात, जवारी वेळोवेळी नव्याने काढून घ्यावी लागते, खुंट्या घासतात. जुनी जवारी 'मूळ' म्हणून राखून ठेवा असं कुणी गवई म्हणणार नाही, कारण मग तंबोरा बोलणारच नाही. पण म्हणून भोपळा काढून तिथे प्लास्टिक कुणी बसवत नाही. कपॅसिटर, फ्यूज, बटणांखालचे स्विच, वीजपुरवठा या आर्केडच्या तारा आणि जवाऱ्या आहेत. गेम बोर्ड, पिक्चर ट्यूब, जॉयस्टिकची घडण, स्पीकर आणि कॅबिनेटच्या आतली पोकळी हा भोपळा आहे.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 2012 साली 'पॅक-मॅन'सह 14 व्हिडिओ गेम्स आपल्या संग्रहात घेतले, ते रचनेचे नमुने म्हणून. प्रदर्शनात कॅबिनेट नव्हती, पडदा आणि कंट्रोल एवढंच. गेमला कलेच्या पंक्तीत बसवल्याचा मला आनंद आहे. पण आर्केडचा गेम कॅबिनेटपासून सोडवता येतो हे मला पटत नाही. तो खेळ उभ्याने, खांद्याला खांदा लावून, मागे वाट पाहणाऱ्यांच्या दबावाखाली खेळण्यासाठी बनला होता. न्यू हॅम्पशायरमध्ये लॅकोनियाला फनस्पॉटमधलं अमेरिकन क्लासिक आर्केड म्युझियम आहे, इलिनॉयमध्ये ब्रुकफील्डला गॅलपिंग घोस्ट हे आर्केड आहे. तिथे जुनी मशीन्स लोकांच्या हाताखाली राबतात. एखादं बिघडतं, दुरुस्त होऊन परत मांडलं जातं. संग्रह राखण्याची ही रीत मला जास्त प्रामाणिक वाटते.

माझ्या भूमिकेची एक दुखरी बाजू आहे, आणि ती मी टाळणार नाही. वापरलं की झिजतं. पिक्चर ट्यूबचं आयुष्य मोजक्या तासांचं असतं. 'पॅक-मॅन'च्या अनेक ट्यूबवर चक्रव्यूहाच्या भिंती जळून उमटल्या आहेत, मशीन बंद असतानाही त्या काचेत दिसतात. जुन्या टीव्हीतून ट्यूब काढून बसवण्याची युक्ती अजून चालते, पण ते टीव्हीही संपत चालले आहेत. त्यामुळे रोज बारा तास मशीन चालू ठेवणं हे उत्तर नाही. अमेरिकेत एकट्या 'पॅक-मॅन'ची लाखभर मशीन्स बनली. त्यातली चालवा, झिजवा, एकाचे भाग दुसऱ्याला द्या. जगात चार-पाच उरलेल्या मशीनचे तास मात्र हिशोबाने खर्च करा. महिन्यातून एक दिवस चालू करा, कसं चालतं ते चित्रित करा, आवाज नीट ध्वनिमुद्रित करा. विशेषतः आवाज, कारण 'स्पेस इन्व्हेडर्स' किंवा 'डाँकी काँग'मधले काही आवाज प्रोग्रॅममधून येत नाहीत, ते सुट्या भागांच्या सर्किटमधून निघतात. चिपची प्रत काढली तरी ते तिच्यात सापडत नाहीत. जुन्या मशीन्सची संगणकावर नक्कल करणाऱ्या, 1997 साली साल्मोरियांनी सुरू केलेल्या मेम या प्रकल्पाने हजारो गेम्स वाचवले, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. तरी मेमलाही नक्कल तपासायला समोर एक खरं, चालू मशीन लागतंच.

आपल्याकडे या विषयाची एक वेगळीच कहाणी आहे. माझ्या वयाच्या मराठी मुलाला 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हे नाव सांगितलं तर तो गोंधळेल. 'मुस्तफा' म्हटलं की त्याचे डोळे चमकतील. कॅपकॉमचा हा 1993चा गेम आपण त्यातल्या टोपीवाल्या मुस्तफाच्या नावाने ओळखला. मी तो खेळलो एसटी स्टँडजवळच्या पत्र्याच्या खोलीत, एका रुपयाच्या टोकनवर. कॅबिनेट गावातल्या सुताराने प्लायवूडचं बनवलेलं, पडदा घरगुती टीव्हीचा, बोर्ड बहुधा नकली. जपानी किंवा अमेरिकन संग्राहकाच्या दृष्टीने त्यात मूळ असं काहीच नव्हतं. पण मूळ बोर्ड तरी कुठे टिकणारा होता? त्यात आवाज सांभाळणाऱ्या प्रोसेसरची किल्ली बॅटरीवर होती, आणि तीही संपल्यावर पुसली जायची. आणि परवान्याच्या गुंत्यामुळे हा गेम कॅपकॉमच्या जुन्या गेम्सच्या संग्रहांत आजवर आलेला नाही.

ती प्लायवूडची कॅबिनेटं पार्लर बंद झाल्यावर सरपणात गेली, बोर्ड भंगारवाल्याकडे वजनावर गेले. तो सुतार, तो मिस्त्री, त्यांनी कोणत्या वायरी कुठे जोडल्या, यातलं काही कुणी लिहून ठेवलं नाही, कारण 'मूळ' नसलेल्या गोष्टीची नोंद कोण ठेवणार? याचं मला खरंच वाईट वाटतं. अजून एखाद्या गावात, एखाद्या माळ्यावर असं खोकं असेल. ते कुणाला सापडलं तर माझी विनंती आहे: लगेच विजेला जोडू नका. आधी चारही बाजूंनी फोटो घ्या, बोर्डाचे जवळून घ्या. बॅटरी असेल तर गळते आहे का ते पाहा, चिप्सची प्रत काढणारा माणूस शोधा. मग खुशाल कंडेन्सर बदला, नवा पॉवर सप्लाय लावा, चालू करा, गल्लीतल्या पोरांना खेळू द्या. आणि काढलेले भाग एका पाकिटात घालून, वर तारीख आणि काय बदललं ते लिहून, पाकीट कॅबिनेटच्या आतल्या फळीला स्टेपल करा.